मागल्या शिटावरलं इरजण

एप्रिलच्या उन्हात आबासाहेब चारठाण्याहून बोरीकडं निघाले होते. गाडीत दुसरं कुनी न्हाई. मागल्या शिटावर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं दुधाचं गाडगं, त्यात धाकल्या भावजयीनं, चतुराबाईनं, निघताना घातलेलं इरजण, आन हे इस्टेरिंग धरून त्या गाडग्यासंगं बोलायलते.

"बस बाबा निवांत. म्होरं खड्डा हाय, पर तुला कळू देनार न्हाई मी."

काटा वीसच्या वर जाऊ द्यायचा न्हाई, हे घरूनच ठरिवलेलं. मागून येनारे हारन वाजवून वाजवून बेजार झाले आन बाजूनं निघून गेले. एका मोटारसायकलवाल्यानं काचापाशी वाकून इचारलं बी, "आबा, मयत हाय का गाडीत?"

"मयत न्हाई रे, दही हाय," आबासाहेब मनले. त्यो येड्यावानी बगत बगत म्होरं गेला.

आता दह्याला मोटारीतून कोन फिरिवतं? तं त्याचं असं झालं.

आबासाहेबाची पुतणी निकिता. दिली पूर्णेला. जावई रेल्वेत. पोरीला सातवा महिना लागला होता, आन पहिलं बाळंतपन मनल्यावर माहेरी आनायचं. आनायला जानारा मुराळी. आमच्याकडं मुराळी म्हंजे निसता हमाल नसतो. सासरच्या दारात माहेराची सगळी इज्जत घेऊन उभा ऱ्हानारा मानूस असतो. निकिताच्या लग्नानंतर पहिल्या खेपेला मुराळी म्हून आबासाहेबच गेले होते, याच गाडीत. गाडी देशी कंपनीची, डिझेल, मागं मोठी डिक्की, चौदा वर्सांची. येताना परभनीच्या अल्याड ती बंद पडली. नवी नवरी, हिरवा शालू, रोडच्या कडंला दोन घंटे उभी. शेवटी कांद्याच्या पिकअपात बसून माहेरी आली. पोरगी हसत हसत उतरली, पर पूर्णेला ही गोष्ट पोचली. तव्हापासून तिकडं म्हनच पडली: आबासाहेबाची गाडी पंचमीला निघाली तं दसऱ्याला पोचती.

आबासाहेबाला दोन पोरं, दोघंबी पुण्याला. लेक न्हाई. निकिताच त्यांच्या मांडीवर वाढली. बारावीच्या परीक्षेला जिंतूरला रोज कुनी नेलं? आबानं. म्हून या खेपेला जायचं तं आपनच जायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. एकदा का पोरगी दुसऱ्याच्या गाडीत बसली, की मंग कायमची दुसऱ्याच्याच गाडीत बसनार. आपली गाडी दारात उभी, आन तिच्यावर कोंबड्या.

आन दुसऱ्याची गाडी म्हंजे कुनाची? रंगनाथची. रंगनाथ निकिताचा मामा, चतुराबाईचा धाकला भाऊ, पोखर्णीचा. त्यानं संभाजीनगरच्या एका डॉक्टराकडून जपानी गाडी घेतली होती, वापरलेली, पर चकचकीत. आन ती घेऊन त्यो रविवारी बहिनीच्या दारात येऊन उभा ऱ्हायला. मी आनतो मनला भाचीला.

झालं. ओट्यावर दोघांची जुंपली.

"आबासाहेब, राग मानू नका, पर तुमची गाडी देशी," रंगनाथ मनला. "देशी दारूवानीच हाय ती. चढली तं चढली, न्हाई तं रातभर डोकं धरून बसा."

"आन तुमची विलायती? तिला सर्दी झाली तं डॉक्टर संभाजीनगरचा लागतो. मही बंद पडली तं बोरीचा सायकलवाला बी चालू करतो."

"अहो बोरीच्या सायकलवाल्याला तुमची गाडी तोंडपाठ हाय, हेच तं म्हनायलो मी!"

परमेश्वर, म्हंजे पोरीचा बाप, आबासाहेबाचा धाकला भाऊ, त्यो खांबाला टेकून बसला होता. त्यो हसला. आबासाहेबानं बगितलं तसा गप झाला.

"पाव्हणं, भरवसा म्हंजे काय?" आबासाहेब मनले. "मह्या गाडीचा पाना, नटबोल्ट, पट्टा, सगळं जिंतूरच्या दुकानात मिळतं. तुमच्या गाडीत कंप्युटर. त्यो रुसला तं काय त्याच्या पाया पडता?"

"रुसत न्हाई ना त्यो! तीन साल झाले, बॉनेट उघडलं न्हाई मी."

"उघडता येत नसंल."

"जपानच्या मानसानं एकदा आवळलेला नट परत ढिला होत न्हाई, आबासाहेब."

"जपानच्या मानसाला चारठाण्याचा रोड दाखिवला का कुनी? तुमच्या गाडीचं पोट भुईला टेकतं. गतिरोधक आला की कण्हती ती. पोटुशी बाई बसवता का तिच्यात?"

असं दिवसभर. जेवताना बी तेच, हात धुताना बी तेच. चतुराबाई मधात सापडलेली. एकीकडं पाठचा भाऊ, दुसरीकडं नवऱ्याचा मोठा भाऊ. एकाला हो म्हनावं तं दुसरा उठून जानार. रातच्याला दूध इरजायला बसली आन तिथूनच मनली,

"पोटातल्या लेकराला काय कळतंय, इंजन जपानचं हाय का आपलं? त्याला हिसका कळतो. उद्या रंगनाथनं एक गाडगं घेऊन जावं, परवा भाऊजीनं. इकडून बोरी, बोरीहून परत. मागल्या शिटावर कोंबट दूध ठिवायचं, इरजण घालून. संगं कुनी न्हाई. ज्याचं दही कवडीवानी लागंल, त्यानं जावं. ज्याचं मोडंल, त्यानं गपगुमान घरी बसावं."

बाईनं पकडलंच असं, की न्हाई म्हनायला जागा न्हाई.

सोमवारी रंगनाथ गेला. दुपारी परत आला. चतुराबाईनं फडकं काढून बोट बुडिवलं, तं दूध जसंच्या तसं. वर गारगार.

"रंगनाथ, अरं चहा करू का याचा?"

"मागं लेकरू बसनार म्हून ए.सी. लावला, ताई. मला काय म्हाईत?"

"लागलं न्हाई, पर मोडलं बी न्हाई," चतुराबाई मनली. "उद्या भाऊजीचं बगू."

आन हा उद्या म्हंजे मंगळवार उजाडला होता. आबासाहेबाच्या गाडीचा ए.सी. तीन उन्हाळ्यामागंच गेलेला. काचा खाली, वारं तव्यावरून आल्यावानी. दह्याला याच्यापेक्षा चांगलं काय पायजे?

जिंतूर मागं पडलं. रोडच्या दोन्ही अंगाला काळं रान नांगरून उघडं टाकलेलं, त्याच्यावर ऊन नुसतं हालायलं. लांब कुठं हळद शिजायलती, तिचा वाफाळलेला वास गाडीत येऊन बसला, कुनी पाव्हणा येऊन बसावा तसा. म्होरं रोडवर पानी दिसायचं आन जवळ गेलं की नसायचं. इतक्या हळू आबासाहेब उभ्या जन्मात कव्हा चालले नव्हते. इतक्या हळू गेलं की रोड वायलाच होतो. दगडाला तोंड दिसायला लागतं. बाभळीवरलं एकेक घरटं दिसतं. म्हशीमागं चाललेली बाई तुमच्या बरोबरीनं बराच येळ चालती आन वळून बगती, जसं काय तिला तुमाला काही सांगायचंय.

"ही बोरी," आबासाहेब गाडग्याला मनले. "तुही आई हितं उतरून उसाचा रस पेली होती. दोन गिलास. तिसऱ्याला मी नको मनलो तं रुसली."

बोरीला त्यांनी चाकबी थांबू दिलं न्हाई, गोल फिरिवलं आन परतीला लागले. गाडी गुनगुनायलती. आबासाहेबाला मनातून लय ग्वाड वाटायलं. जमलं. जमलं बगा. आन तेवढ्यात त्यो काटा. गरमीचा. हळूहळू वर चढायला. वीसच्या चालीनं इंजनाला वारं लागत न्हाई, ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. बॉनेटातून पांढरा धूर निघाला. लगोलग इंजनानं दोन उचक्या दिल्या. आबासाहेबानं कलच दाबून गाडी तशीच वाहू दिली, रोडच्या खाली, एका कडूलिंबाच्या सावलीत. गाडी उभी ऱ्हायली. हिसका न्हाई, कचका न्हाई. म्हैस पान्यात बसती तशी बसली.

गपगार झालं सगळं.

शिव्या द्याव्या तं कुनाला? बॉनेट उघडून हात भाजून घ्यायची उमेद नव्हती. ते मागल्या शिटावर गेले, चारी दारं उघडली, गाडगं उचलून मांडीवर घेतलं. बूड कोंबट लागलं. लिंबाची बारीक फुलं टपावर पडायलती, त्याचा आवाज येत होता का न्हाई, सांगता येत न्हाई. डोळे मिटले.

त्यांना दिसलं ते असं. गाडी चाललेली, पर रोड न्हाई. सगळं शिवार दह्यावानी लागलेलं, पांढरं, नजर जाईल तिथवर, आन त्याच्या सायीवरून गाडी चाललेली, साय मोडत न्हाई. म्होरच्या शिटावर निकिता, सहा-सात वर्सांची, दोन येण्या, इस्टेरिंगला हात पुरत न्हाईत तरी तीच चालवायली. "आबा, कुठं जायलो आपन?" ती इचारायली. आबासाहेबाला गावाचं नाव आठवंना. जिंतूर मनावं का पूर्णा मनावं? ते मनले, "चाल तू, कळंल." तिनं मान डोलावली, जसं काय हे खरंच उत्तर झालं. मागून कुनी तरी घोरायलं, अगदी बारीक आवाजात. वळून बगितलं तं मागं कुनीच नव्हतं, निसता उजेड बसलेला.

जाग आली तं लिंबाची सावली गाडीच्या दुसऱ्या अंगाला गेलेली. तीन घंटे. हात गाडग्याला तसेच येढलेले. फडकं सारून बगितलं. दही असं लागलेलं, की वरून मुंगी चालत गेली अस्ती. पान्याचा टिपूस न्हाई.

जवळच्या रानात हळद शिजवनाऱ्याच्या पिपातून बकीटभर पानी आनून गाडीला पाजलं. चावी फिरिवली, तं पहिल्या झटक्यात चालू. जशी काय निजून ताजी झाली. मंग काय, हाच खरा भरवसा न्हाई का? आबासाहेब येताना मनाशी हेच घोळवत आले. पर तोंडाला कसं तरीच लागायलं.

घरी सगळे ओट्यावर. चतुराबाईनं पळी उभी केली, तं पळी उभीच ऱ्हायली. परमेश्वर टाळ्या वाजवायला लागला. चतुराबाईनं लगेच पूर्णेला फोन लावला आन आवाज मोठा केला.

"निके, भाऊजीचं दही लागलं बग! कवडीवानी!"

"आबा जितले?" फोनातून पोरगी ओरडली. "मला म्हाईतच होतं! आबा, कव्हा येता मंग?"

रंगनाथ खाली मान घालून भुई कुरतडायलता. आबासाहेबाच्या गळ्याशी हो आलं होतं. मनलं असतं तं संपलं असतं. कुनाला काय कळनार होतं? लिंब काय बोलायला येनार होता? पर डोळ्याम्होरं दुसरंच उभं ऱ्हायलं: हीच पोरगी, सातवा महिना, रोडच्या कडंला, ऊन डोक्यावर, आन बॉनेटातून धूर.

"निके," ते मनले, "हे दही गाडीनं लावलं न्हाई बाय. लिंबानं लावलं. गाडी बोरीच्या अल्याड बंद पडली. तीन घंटे हालली न्हाई."

मंग रंगनाथनं खाकरून घसा साफ केला. आता हा हसनार, असं आबासाहेबाला वाटलं.

"मी बी एक सांगतो," रंगनाथ मनला. "मह्या गाडीचं पोट टेकतं हे खरं हाय. तेरा गतिरोधक लागले. तेरावेळा मी गाडगं रोडच्या कडंला ठिवलं, गाडी पल्याड नेली, चालत मागं आलो आन गाडगं नेऊन परत शिटावर ठिवलं. एका जागी कुत्रं तोंड घालायलतं."

चतुराबाईनं कपाळाला हात लावला. "दोघंबी लबाड!" आन हसायला लागली ती थांबंचना.

"आबा," फोनातून निकिताचा आवाज आला, बारीक. "तीन घंटे तुमी काय करायलते?"

"निजलो होतो."

"आन गाडगं?"

"मांडीवर होतं."

मंग पोरगी मनली, "गाडी मामाची आना. मुराळी तुमीच या. तुमी न्हाई आले तं मी इथून हालत न्हाई."

शुक्रवारी दोघं मिळून गेले. रंगनाथ चालवायला, आबासाहेब मागं. जाताना आबासाहेबानं त्या विलायती गाडीला एक शब्द बरा मनला न्हाई. शीट लय मऊ, काच लय काळी, इंजन चालू हाय का न्हाई तेच कळत न्हाई, मानसानं धरावं तरी काय. पूर्णेला दारात उभे ऱ्हायले तं सासूबाई गाडी बगायला बाहीर आल्या. पर निकितानं गाडीकडं बगितलं न्हाई. पहिलं आबाच्या पायाला हात लावायला वाकायलती, त्यांनी मधातच धरली.

परतीला परभनी ओलांडली तशी पोरगी पेंगायला लागली. आबासाहेब खिडकीच्या अंगाला सरकले. तिनं डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं, मंग ते घसरत घसरत मांडीवर आलं, लहानपनी यायचं तिथंच. दिवस कलायलता. गतिरोधक आला की रंगनाथ आदुगर थांबायचा, श्वास धरायचा आन मंग एकेक चाक वर चढवायचा.

"आबासाहेब," आरशातून बगत त्यो मनला, "आता तरी मान्य करा. विलायती ती विलायती."

आबासाहेबाकडं उत्तर लय होतं. तोंडापर्यंत आलेलं, चांगलं झणझणीत. पर त्यांनी ओठावर बोट ठिवलं.

"हळू बोला पाव्हणं," ते मनले. "पोरगी निजली."