बशीतले हे

“म्हणजे ह्यांचं अजून काहीतरी जिवंत आहे?” बाईंनी विचारलं, आणि मी जीभ चावली.

त्या आल्या होत्या नुसतं सांगायला. नवरा परवा दुकानातच हार्ट अटॅकने गेला, त्याचा नंबर आता दुसऱ्या कोणाला तरी द्या. एवढं बोलून त्या निघाल्याही होत्या. मीच अतिशहाणी, बोलून गेले की त्यांच्या पेशी छान वाढल्या होत्या, अजून वाढताहेत.

प्रयोगशाळेत माझं काम तेच, पेशी वाढवायचं. हिरड्यांच्या रोगाने दातांचा आधार झिजतो आणि चांगले धडधाकट दात हलायला लागतात. मग रोग्याची अक्कलदाढ काढायची, तिच्या मुळावरच्या पापुद्र्यातून पेशी घ्यायच्या, बशीत वाढवायच्या आणि त्यांचा पातळ पडदा त्याच्याच हिरडीखाली बसवायचा. हा माणूस न्हावी. दाढ काढताना म्हणाला होता, “अक्कल गेली तरी चालेल, पण पुढचे दात वाचवा. धंदा तोंडावर आहे.” दात हलायला लागल्यापासून त्याने गिऱ्हाइकांशी बोलणं सोडलं होतं, आणि मुक्या न्हाव्याकडे कोण बसतं? येत्या सोमवारी त्याचा पडदा बसायचा होता.

रोगी गेल्याचं कळलं की त्याच दिवशी पेशी ब्लीच ओतून नष्ट करायच्या, असा नियम आहे. बाईंनी आधी विचारलं, घरी नेता येतील का. मग विचारलं, इथेच ठेवता येतील का. दोन्हीला नाही म्हणताना मला स्वतःचाच राग आला. मग त्या म्हणाल्या, निदान बघू तरी द्या. नियमात तेही बसत नव्हतं, पण मी त्यांना आत घेतलं.

बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या.

“हे?”

कुठलं ‘हे’, मला कळलं नाही. मी हो म्हटलं.

“किती गर्दी केलीय,” त्या म्हणाल्या. “पूर्वी रविवारी दुकानात असायची तशी.”

मी ब्लीचची बाटली काढली. त्यांनी हात पुढे केला.

“द्या, मी करते. ह्यांचं सगळं मीच केलंय.”

मी त्यांना हातमोजे चढवून दिले. त्यांनी सांडू न देता ओतलं. बशीतल्या पोषक द्रवाचा गुलाबी रंग बघता बघता उडाला. त्या रडल्या नाहीत, मलाच तोंड फिरवावं लागलं.

थोड्या वेळाने त्यांनी बशी दोन्ही हातांनी उचलली.

“कुठे धुवायची?”

आमच्याकडे बशा धुवत नाहीत, फेकतात. मी त्यांना नळ दाखवला.