मनगट कोणी धरलं होतं?

वाघोलीच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी साडेनऊलाच खुर्च्या संपल्या होत्या. मागे उभे राहिलेले लोक टाचा उंचावून व्यासपीठाकडे बघत होते. तिथे नऊ वर्षांची कल्याणी बसली होती. स्वमग्न मुलगी, आजवर एक शब्दही न बोललेली. तिच्यापुढे मुळाक्षरांचा पुठ्ठा होता आणि तिचं उजवं मनगट शंभूदादांच्या हातात होतं.

शंभूदादा म्हणजे ‘मौनवाणी’चे संस्थापक. पांढरा झब्बा, कॉलरला माइक, मधाळ आवाज.

“बेटा, या सगळ्यांना काय सांगायचंय तुला?”

कल्याणीचं बोट पुठ्ठ्यावर फिरू लागलं. शेजारची सेविका एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेली आणि वाक्य तयार झालं. ‘मी मुकी नाही. तुम्ही बहिरे आहात.’

सभागृहात हुंदके फुटले. कोणी हात जोडले, कोणी मोबाइल उंच धरला.

“हिला हे कोणी शिकवलं?” शंभूदादांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. “कोणीच नाही! आत्म्याला शाळा लागत नाही. अहो, तुमची मुलं आजारी नाहीत. ती वरच्या फ्रिक्वेन्सीवर आहेत. रेडिओ आपला जुना आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

नवव्या रांगेत आम्रपाली ओव्हाळ हाताची घडी घालून बसली होती. सगळे पुठ्ठ्याकडे बघत होते, ती कल्याणीच्या डोळ्यांकडे बघत होती. आणि कल्याणी बघत होती वर फिरणाऱ्या पंख्याकडे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. नजर छताला आणि बोट मात्र अचूक अक्षरावर! नीट बघूनही ज्याच्याकडून टाइप करताना चुका होतात, अशा माणसाने तरी हे पटवून घेऊ नये. पण सभागृहातल्या चारशे जणांना पटलं होतं.

आम्रपाली वर्तन विश्लेषक होती, आणि त्यातही सुपरवायझर. तिच्या आईला हे काम कधीच नीट कळलं नव्हतं. “मुलांना वळण लावते” असं ती शेजारी सांगायची. खरं काम वेगळं होतं. मूल एखादी गोष्ट का करतं, केव्हा करतं, त्याच्या आधी काय घडतं, नंतर काय घडतं, याची रोज नोंद ठेवायची. त्यावरून शिकवण्याची योजना आखायची. कर्वेनगरच्या केंद्रातले तीन थेरपिस्ट ती योजना बरोबर राबवतात की नाही हे बघायचं. आणि प्रगतीचा आलेख एका जागी अडकला, तर मुलाला दोष न देता योजना बदलायची. त्यासाठी तिने मानसशास्त्रात एम.ए. केलं, पुढचा अभ्यासक्रम केला, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली दोन वर्षं काम केलं, परीक्षा दिली. आजही वर्षाला ठरावीक तास तिला स्वतः विद्यार्थी म्हणून बसावं लागायचं.

कल्याणी तिच्याकडे तीन वर्षं येत होती. पाणी हवं असेल तर पाण्याचं चित्र उचलून हातात द्यायचं, हे शिकायला तिला पाच महिने लागले होते. मग बस, झोका, ‘नको’, आणि सगळ्यांत अवघड ‘दुखतंय’. अशी एकतीस चित्रं झाली होती. दोन महिन्यांपूर्वी तिची आई श्रद्धा ‘मौनवाणी’त गेली. पुठ्ठ्यावर उत्तर आलं, ‘चित्रं हा माझा अपमान आहे.’ त्या दिवशी चित्रांची वही माळ्यावर गेली आणि कल्याणीचं केंद्रात येणं थांबलं. श्रद्धा घरीही स्वतः तिचं मनगट धरून लिहून घेऊ लागली. मोबाइलवर ती त्याचे व्हिडिओ पाठवायची. त्यातल्याच तीन-चार व्हिडिओंत आम्रपालीला दिसलं, की कल्याणी डाव्या कानावर मुठीने मारून घेतेय. पूर्वी ती असं कधीच करत नसे. “आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा,” असं आम्रपालीने चार वेळा कळवलं. उत्तरादाखल फक्त हात जोडल्याचं चित्र आलं. म्हणून आज ती एवढ्या लांब आली होती.

व्यासपीठाजवळ श्रद्धा उठली. “दादा, ही कानावर मारून घेते. का ते विचाराल?”

शंभूदादांनी डोळे मिटल्यासारखे केले, पण पुरते मिटले नाहीत. बोट फिरलं. ‘मला नाद ऐकू येतो. मी दार ठोठावते.’

“अनाहत नाद!” शंभूदादांनी कल्याणीला हात जोडले. “योग्यांना चाळीस वर्षं लागतात हो तिथवर पोचायला!”

आता मात्र आम्रपालीला राहवेना. ती उभी राहिली. “एक साधी विनंती आहे. आपण बाहेर जा. मी कल्याणीला एक वस्तू दाखवते. मग आत येऊन तिचं मनगट धरा आणि ती वस्तू कोणती ते तिच्याकडून लिहून घ्या.”

शंभूदादा हसले. “ताई, शंकेने लहरी तुटतात. प्रेमाची परीक्षा घेत नाहीत.”

“तुम्ही कोण पण?” पुढून एक गृहस्थ वळले. “तुमचं क्वालिफिकेशन काय?”

तिने सांगितलं. शिक्षण, प्रशिक्षण, परीक्षा, तेरा वर्षांचं काम, कल्याणीला तीन वर्षं काय शिकवलं तेही.

“एवढं शिकून तीन वर्षांत काय शिकवलंत? पाणी मागायला? दादांनी दोन महिन्यांत तत्त्वज्ञान लिहून घेतलं!”

लोक हसले. आम्रपाली खाली बसली. तिचं क्वालिफिकेशन विचारायला माणूस उठला होता. शंभूदादांचं विचारायला चारशेपैकी एकही उठला नव्हता.

मंगळवारी कल्याणीचे वडील उत्तरेश्वर केंद्रात आले, सोबत श्रद्धा आणि कल्याणी. ते मूळचे बार्शीकडचे, आता धायरीत राहणारे. मोजकं बोलणारे गृहस्थ. कल्याणीच्या कानामागे सूज होती.

“मॅडम, मी म्हणतो डॉक्टरकडं नेऊ. ही म्हणते, पोरीनंच ‘नको’ लिहिलंय. आता तुम्हीच सांगा.”

“तिने स्वतः लिहिलंय,” श्रद्धा म्हणाली. “माझ्या हातात. मी ढकलत नाही हो, शपथ घेऊन सांगते.”

“तुम्ही खोटं बोलत नाही, मला माहीत आहे,” आम्रपाली म्हणाली. “तरी दहा मिनिटं द्या. तेवढं झाल्यावर तुम्ही म्हणाल ते.”

तिने टेबलावर दोघींच्या मधे एक मोठी फाइल पडद्यासारखी उभी केली. एका बाजूने कल्याणीला चित्र दिसेल, दुसऱ्या बाजूने श्रद्धाला. एकीचं दुसरीला दिसणार नाही. “कधी दोघींना एकच चित्र असेल, कधी वेगवेगळं. कल्याणीला काय दिसतंय तेवढंच तिच्याकडून लिहून घ्या.” चित्रं दाखवायला थेरपिस्ट सौरभला बसवलं. त्याने ती आधीच पिसून ठेवली होती, त्यामुळे कुठलं कधी येणार हे आम्रपालीलाही ठाऊक नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पहिलं उत्तर आलं, ‘केळं’. “बघा!” श्रद्धा म्हणाली. दुसरं ‘बस’. तिसरं ‘घर’. बोट झरझर चाललं होतं. दहा चित्रं झाली आणि सौरभने कागद पुढे ठेवला.

पाच वेळा दोघींना एकच चित्र होतं. पाचही उत्तरं बरोबर. पाच वेळा चित्रं वेगळी होती. कल्याणीपुढे छत्री, श्रद्धापुढे बस, उत्तर ‘बस’. कल्याणीपुढे मांजर, श्रद्धापुढे घर; उत्तर ‘घर’. पाचही वेळा पुठ्ठ्यावर उतरलं होतं ते श्रद्धाने पाहिलेलं चित्र.

श्रद्धाने कागद दोनदा वाचला. “पण मी काहीच केलं नाही…”

“जाणूनबुजून नाही केलंत. उत्तर मनात असलं की हात कणभर हलतो. पुढच्या अक्षराकडे किंचित ओढ, चुकीच्या अक्षरापाशी किंचित अटकाव. ते आपलं आपल्यालाही जाणवत नाही. मी धरलं असतं मनगट, तर माझंही हेच झालं असतं. म्हणून तर हे असं तपासून बघायचं असतं.”

कल्याणी फाइलीचा कोपरा चाचपत होती. मग तिने कानावर मूठ मारली.

“परवा तिने लिहिलं होतं,” श्रद्धा हळू आवाजात म्हणाली, “‘आई, तू दमतेस ते मला कळतं.’ ते कोण म्हणालं मग?”

या प्रश्नाची तयारी कुठल्याही अभ्यासक्रमात करून घेतली नव्हती. “तुम्हीच म्हणालात, श्रद्धाताई. तुम्हाला ते कोणीतरी म्हणायला हवं होतं.”

श्रद्धा रडली नाही. तिने एकदम मुलीच्या कानाकडे पाहिलं. “म्हणजे तो नाद… डॉक्टरकडे न्यायचं नाही, हेसुद्धा…” आणि चप्पल घालायलाही न थांबता तिने कल्याणीला उचललं.

कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि त्यांचा आवाज चढला. पू साठला होता आणि संसर्ग कानामागच्या हाडाकडे सरकत होता. “आणखी आठवडा गेला असता तर ऐकू येणंही गेलं असतं. कुठे होता इतके दिवस?” त्याच दुपारी कल्याणीला दवाखान्यात भरती केलं. सहा दिवस इंजेक्शनं चालली. कानावर मूठ मारणं चौथ्या दिवशी थांबलं.

दवाखान्यातून सुटल्यानंतरच्या रविवारी श्रद्धा वाघोलीला गेली, एकटीच. व्यासपीठावर दुसरं मूल होतं, पुठ्ठा तोच. ती गर्दीतून पुढे गेली आणि म्हणाली, “दादा, डोळ्यांवर पट्टी बांधून धरा ना हात. मूल लिहितंय ना? मग तुम्हाला दिसायची काय गरज?”

शंभूदादांनी लहरींचं सांगितलं. तिने पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर दोन सेविकांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं. तिच्यामागून एक जोडपं उठून आलं. बाकीचे बसून राहिले. पुढच्या रविवारी पुन्हा खुर्च्या संपल्या.

आम्रपालीला हे कळलं तेव्हा ती एका नव्या थेरपिस्टच्या नोंदी तपासत होती. तिने पेन आपटलं. चारशेतले दोघे! शंभूदादांना आपली चलाखी ठाऊक होती, की त्यांचाही स्वतःच्या हातावर भरवसा होता, कोण जाणे. पण दहा मिनिटांच्या तपासणीला नकार देणाऱ्या माणसाला संशयाचा फायदा का द्यावा? आणि तो देतंय कोण? शिकलेले लोक, घरात दोन-दोन पदव्या असलेले, फ्रिज घेताना पाच दुकानं फिरणारे.

तुमच्याही ओळखीचं कोणी असेल अशा एखाद्या सभागृहात बसलेलं. त्यांना नावं ठेवू नका. दमलेल्या आईबापांना आशा हवी असते, त्यात चूक काहीच नाही. त्यांना एवढंच सांगा: चमत्कार दाखवणाऱ्याला उत्तर माहीत नसताना तो करून दाखवायला लावा. शिक्षण विचारा, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं ते विचारा, नोंदी मागा. ज्याचं काम खरं आहे तो या प्रश्नांवर रागावत नाही, वही उघडतो. आणि जो रागावतो, त्याच्या हातातून आपल्या लेकराचं मनगट आधी सोडवून घ्या.