कल्हईला टाकलेली थाळी

मी मलिद्याची थाळी बोलतेय. पितळेची, पसरट, काठाला एक पोचा. आज मी कल्हईला आलेय. खरोखरच आलेय. हे 'खरोखरच' का म्हणावं लागतंय, ते ऐका.

पेणच्या तांबटानं मला ठोकून घडवलं आणि रखमाबाई नवगावकरांच्या बिऱ्हाडाबरोबर मी भोईवाड्याच्या चाळीत आले. हे बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू. घरात काही मंगल असलं की एलियाहू नबीच्या नावानं मलिदा होतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. माणसं भोवती बसून तेफिला म्हणतात, प्रार्थना हो, आणि मी आपली मधे मिरवते.

समोरच्या खोलीत हमीदा मुकादम. मलिदा तिच्याकडेही होतो, पण पिराच्या नावानं, रोट्या कुस्करून. तिच्याकडे एवढी मोठी थाळी नव्हती, म्हणून रखमाबाईंनीच मला तिकडे धाडायला सुरुवात केली. हमीदा मला वेगळी घासायची, मटणाच्या भांड्यांना लागू द्यायची नाही. तिकडे फातिहा, इकडे तेफिला. दोन्हीकडे माणसं हात धुऊनच बसायची. मला काय वेगळं वाटणार?

रखमाबाई गेल्या, घर त्यांच्या सुनेच्या, नावोमीच्या हाती आलं. गेल्या वर्षी तिचा मुलगा एझरा इस्रायलहून लग्नासाठी आला. त्याच दिवशी हमीदानं मला परत आणून दिलं होतं.

"आई, ही थाळी त्यांच्याकडे जाते?" एझरानं विचारलं. "तिच्यावर ते फातिहा पढतात? मग आपल्या खाण्यापिण्याच्या धर्मनियमांत ती कशी चालेल?"

नावोमी मला उलटसुलट करून बघू लागली. सासूनं असलं कधी मनातही आणलं नव्हतं. पण पोराचं शुभकार्य, उगीच शंका कशाला? एक काचेची थाळी आली आणि मी पलंगाखाली गेले.

लग्न करून एझरा परत गेला. मग हमीदा दारात आली. तिचा नातू मोठ्या तापातून उठला होता, नवस फेडायचा होता. "नावोमी, थाळी दे गं."

"कल्हईला टाकलीय," नावोमी म्हणाली. मी तिथेच होते, तिच्या पायाशी.

बाई खोटं बोलायला अगदी कच्ची. नळावर हमीदा दिसली की अर्धीच बादली घेऊन घरात यायची. हमीदा विचारायची, "आली का गं थाळी?" ही म्हणायची, "तो कल्हईवाला काही धड बोलत नाही." एकदा तिनं मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं, उंबऱ्यापर्यंत नेलं आणि पुन्हा आत सरकवलं. जेवणावरची वासनाच उडाली तिची.

शेवटी ती सिनेगॉगमध्ये जाऊन प्रार्थना सांगणाऱ्या हज्जानकाकांना भेटली. घरी येऊन एझराला फोनवर सांगत होती, "काका म्हणाले, त्यात गार मलिदाच असतो ना, गरम काही शिजत नाही, मग कसली अडचण? फारच वाटलं तर उकळत्या पाण्यातून काढ. आणि फातिहाचं म्हणशील तर तेही एकाच देवाला मानतात, मूर्ती ठेवत नाहीत. त्यांच्या दुव्यानं थाळी बाटत नाही. हे आपल्या जुन्या पंडितांनीच लिहून ठेवलंय."

"बरं, मग देऊन टाक ना त्यांना," एझरा म्हणाला.

"कुठल्या तोंडानं देऊ, बाबा?"

त्याच गुरुवारी हमीदा आली. हातात स्टीलची नवी थाळी, वर पांढरं फडकं, खाली नवसाचा मलिदा.

"थाळी कोरी आहे," ती म्हणाली. "आमचं काही शिजलेलं नाही हिच्यात. आता तुला चालेल ना?"

नावोमीचा चेहरा उतरला. "हमीदा, तुला कळलं होतं?"

"एझरा मोठ्यानं बोलतो गं. त्या दिवशी थाळी देऊन मी बाहेर चपला घालत होते."

"मग रोज आली का, आली का, म्हणून का विचारत होतीस?"

"म्हटलं, कधीतरी आली म्हणशील."

नावोमी खाली वाकली. पलंगाखाली हात घालून तिनं मला ओढलं आणि रडत रडत तो मलिदा माझ्यात ओतायला निघाली. हमीदानं तिचा हात धरला. "वेडी की काय? कळकेल सगळा." खरंच होतं ते. माझी कल्हई पार उडाली होती, काठाला हिरवट चढलं होतं. एरवी हे नावोमीच्या कधीच लक्षात आलं असतं, पण माझ्याकडे नीट बघायचीच तिला चोरी झाली होती.

आता मी भट्टीवर आहे. नवसागराचा धूर उठतोय, पोटात कथील फिरतंय. हमीदा बरोबर यायला निघाली होती. नावोमी म्हणाली, "नको, मला एकटीलाच जाऊ दे." समोरच्या स्टुलावर बसून ती माझ्याकडे एकटक बघतेय.

बायांनो, तुमच्या दाराशी कुणी थाळी मागायला आलं आणि मनात शंका असली, तर शंका बोलून टाका. आम्हा भांड्यांना पलंगाखाली ढकलू नका. मला तिथं दोघींचंही सगळं ऐकू येत होतं.

घरी पोचलो की हमीदा विचारणारच, आली का गं? नावोमीला नुसतं 'आली' म्हणायचंय. तेवढंही तिच्या घशातून निघेल की नाही, देव जाणे. मघापासून तिचे ओठ हलताहेत.