पाणी न पिणाऱ्या बाई

बालवर्गाच्या बाई शाळा सुटेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि मदतनीस मावशींना काढल्यापासून पोरांपाशी थांबायला दुसरं माणूसच नव्हतं. लघवीला जळजळ होऊन बाई तापानं फणफणल्या, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "असंच पाणी टाळलंत तर हे मूत्रपिंडावर जाईल." म्हणून बाईंनी मोठ्या बाईंकडे मावशी परत मागितल्या.

"निधी कुठाय हो?" मोठ्या बाई म्हणाल्या. शिक्षिकांचा ताण घालवायला पाहुणी बोलावण्यापुरता मात्र तो निघाला.

बाईंना पोरं सोडून जाता येईना, म्हणून पाहुणीला वर्गातच यावं लागलं. "ताई, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या."

"डोळे मिटले तर खिडकीवर चढलेलं ते रत्न खाली पडेल, मॅडम."

पाहुणी गोड हसली. "मग निदान पाणी तरी भरपूर प्या."

"पिते की! मी मोकळी होऊन येईपर्यंत पोरं सांभाळता?"

एवढ्यात एका चिमुरड्यानं पाहुणीच्या बाहीला नाक पुसलं. "अगं बाई! ते माझ्या कामात नाही बसत हो," म्हणत ती बाहेर पडली.

दारातून मोठ्या बाई जिभेवर साखर ठेवून म्हणाल्या, "पाहुण्यांशी असं बोलतात? फारच ताण दिसतोय तुम्हाला. पुढच्या महिन्यातही बोलावू त्यांना."