मोबाईलपुढचा उजवा हात

रस्त्यानं एसटी हॉर्न वाजवत गेली की माझा डावा पाय खाटेखाली आपोआप क्लच दाबतो. माजलगाव डेपोचा मी ड्रायव्हर, गहिनीनाथ. मोटारसायकलवरनं पडलो, उजवा खांदा निखळला, तवापासून घरात बसून हाय. जीव नुसता वर-खाली होतो.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या सत्यशीला मॅडमनी मोबाईलमधी ॲप टाकून दिलं. मोबाईल भिंतीला टेकवायचा, पुढं उभं राहून दिवसातनं तीनदा हात वर न्यायचा. पडद्यावर तोंड दिसत न्हाई, माणसाच्या जागी नुसत्या हिरव्या काड्या. हात किती अंश वर गेला त्याचा आकडा तिकडं मॅडमला कळतो. तीन हप्ते आकडा दीडशेवर टिकला तर फिटचा दाखला, मगच ड्युटी.

अरे, स्टेअरिंग धरायला हात आभाळाला कावून लावायचा? खांदा पेटायचा, आकडा नव्वदच्या पुढं सरकेना. चार दिवसांत माझं डोकं फिरलं.

"छबू, तू उभी राहा," बायकोला म्हणलं. "त्याला काड्याच दिसत्यात."

"अवो, हे बरं न्हाई."

"मला शिकवू नको!"

राहिली बिचारी उभी. मी फाटकापाशी येरझाऱ्या घालायचो, कोणती गाडी किती लेट हाय ते बघत. आकडा बघायचंबी सोडून दिलं. एकदा म्हणली, "हात लई जड पडलाय." मी खेकसलो, "नाटकं करू नको." फळीवरचा पिठाचा डबा मलाच काढायला सांगायली, तर त्याच्यावरबी चिडलो.

आज तीन हप्ते भरले. सकाळीच खाकी कपड्यांना इस्त्री करून ठिवली. मॅडमचा व्हिडिओ कॉल आला.

"काका, काहीतरी बिघडलंय," मॅडम म्हणाल्या. "नव्वदवरून एकशे साठवर गेला होता, मग एकशे तीस, काल शंभर. खांदा रोज आखडत चाललाय. त्या कुशीवर झोपता येतं का? केस विंचरता येतात?"

मी तोंड उघडलं अन् नजर समोर गेली. छबू आरशापुढं बसून डाव्या हातानं कशीबशी फणी फिरवायली होती. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. किती दिवसांपासून, देव जाणे! मी बघितलंच न्हवतं.

"मॅडम, त्यो हात माझा न्हाई. बायकोचा हाय."

"गप बसा की!" छबू तिथनंच ओरडली. "तुमची ड्युटी लांबंल!"

जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मॅडम म्हणाल्या, "उद्या दोघंही या. आधी काकूंना तपासते."

फोन ठिवला. इस्त्रीची खाकी खुंटीवरच राहू दिली अन् छबूच्या मागं जाऊन बसलो. तिच्या हातातली फणी घेतली. खांद्यातनं अशी कळ निघाली की डोळ्यात पाणी आलं, पण उजवा हात रेटून तिच्या भांगापर्यंत नेला.

"अवो, हळू!" ती म्हणली. "डोकं हाय माझं, स्टेअरिंग न्हाई."