सुई राहिली नसेल ना

भावाने पिशवी टेबलावर पालथी केली. लहान मुलींचे फ्रॉक होते ते. निदान कधीतरी होते. आता बाह्या एकीकडे, अस्तर दुसरीकडे आणि सगळ्यात तुटक्या दोऱ्यांचा गुंता.

"हा गुलाबी सात वेळा शिवलाय तिने," तो म्हणाला. "आणि सात वेळा उसवलाय. आत सुई राहिली असेल म्हणते, कुणाच्या तरी लेकराला टोचेल. मॅडम, मी तुम्हाला बोल लावायला नाही आलो. पण सात महिने झाले."

शिवणकाम करणारी त्याची बहीण शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. तिने हळूच हात पुढे केला आणि गुलाबी तुकड्याची शिवण दोन बोटांत धरून चाचपायला लागली.

औषधांच्या दुकानावरच्या या खोलीत मॅडम एकोणीस वर्षं समुपदेशन करत होत्या. नवरा-बायकोची भांडणं, परीक्षेची धास्ती, घरातलं माणूस गेल्यावरचं सैरभैरपण, या बाबतीत त्यांचा हातखंडा होता. शिवणवाली आली तेव्हा तिची आई जाऊन दोन महिने झाले होते. साहजिकच त्यांनी आईपासून सुरुवात केली. आईचं आजारपण, राहून गेलेलं बोलणं, सगळं निघालं, रडून झालं. सुईची भीती तिसऱ्या भेटीत समोर आली, तेव्हा मॅडमना वाटलं, हीही त्याच दुःखाची एक फांदी; मूळ सुकलं की फांदी वाळेल.

मग फोन सुरू झाले. "मॅडम, सुई राहिली नसेल ना?" मॅडम मायेने म्हणत, "नाही हो. तुम्ही नीट पाहिलंय. नाही राहिली." पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू येई. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसातून तीनदा. मॅडमनी कधी कंटाळा केला नाही. उलट मनातून त्यांना थोडं बरंच वाटायचं. एवढा विश्वास कोण कुणावर टाकतं?

"तुम्ही नाही म्हणालात की तासभर बरी असते," भाऊ सांगत होता. "मग पुन्हा कात्री."

"आधी किती वेळा उसवायचात?" मॅडमनी तिला विचारलं.

"एकदा," ती म्हणाली. "आता तुम्ही नाही म्हणता, तेव्हा बरं वाटतं. मग वाटतं, मी तुम्हाला नीट सांगितलंच नसेल. नीट सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता."

मॅडमच्या आता लक्षात आलं. ज्याला त्या धीर देणं समजत होत्या, ते तिच्या भीतीला रोज खाऊ घालणं होतं.

दोन दिवस त्यांनी कपाटातली पुस्तकं उपसली. एकच शंका पुन्हा पुन्हा तपासायला लावणाऱ्या अशा आजाराची माहिती त्यांना अगदीच नव्हती असं नाही. पण शिकताना वाचलेलं एक प्रकरण आणि परीक्षेत लिहिलेलं एक उत्तर, यापलीकडे काही नव्हतं. तरी मन म्हणत होतं, वाचून घेऊ, जमेल. तिसऱ्या दिवशी त्या आपल्या थोरल्या बाईंकडे गेल्या. बाईंनी त्यांना हे काम शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन त्या बाल्कनीत कुंड्यांची माती बदलत बसत.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रोग रेड्याला अन् औषध पखालीला असं झालं म्हणायचं, एवढंच बोलल्या. पुस्तकांचं निघालं तेव्हा मात्र हात झटकून सरळ बसल्या.

"पोहण्याचं पुस्तक तू वाचशील गं. पण बुडतेय ती. आणि खरं सांग, तिला सोडताना दुखतंय ते तिच्यासाठी, की तुझ्यासाठी?"

 बाईंनी मातीच्या हातानेच एका डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. तरुण आहेत, म्हणाल्या, पण फक्त हेच काम करतात.

गुरुवारी चार वाजता शिवणवाली आली. मॅडमनी आडवळण घेतलं नाही. तुमचा त्रास दुःखापेक्षा वेगळा आहे, त्याला वेगळा उपचार आहे आणि तो मला येत नाही, असं त्यांनी सांगितलं. फोनवर मी देत होते ती उत्तरं चुकीची होती, त्यांनी तुमचा त्रास वाढला, तो दोष माझा, हेही सांगितलं. 

शिवणवालीने पर्स उघडली, पुन्हा बंद केली.

"म्हणजे मी तुमच्याही हाताबाहेर गेले."

"तुम्ही नाही गेलात. माझा हात तोकडा पडला."

"नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं?"

"पहिल्या दिवशी मी बरोबर येते. मला जे समजलं ते मी सांगेन, जे समजलं नाही तेही सांगेन."

दोघी डॉक्टरांकडे गेल्या. तरुण डॉक्टर कमी बोलणाऱ्या होत्या. सुई राहिली नाही असं त्या कधीच सांगणार नव्हत्या. राहिली असेल-नसेल, हे न तपासता राहायला शिकवणार होत्या. घरच्यांनीही उत्तर द्यायचं नाही, असं ठरलं. मग मॅडमकडे वळून त्या आदरानेच म्हणाल्या, "आणि तुम्हीही." पुढच्या वेळेपासून शिवणवाली एकटी आत गेली.

तीन आठवड्यांनी, दुपारी, मॅडम डबा उघडत होत्या तेव्हा फोन आला.

"मॅडम, डॉक्टरांना फोन नाही करत, तुम्हालाच करतेय. गुलाबी फ्रॉक आज द्यायचाय. गिऱ्हाईक दारात आहे. एकदाच सांगा. राहिली नसेल ना?"

'नाही हो' हे शब्द जिभेच्या टोकावर होते. एकोणीस वर्षांत कुणाला दिलासा देणं त्यांना इतकं सोपं आणि न देणं इतकं अवघड कधी गेलं नव्हतं. पलीकडे ती रडतेय हे ऐकू येत होतं.

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

 मॅडमनी फोन कानाला घट्ट धरून ठेवला. तिच्यामागे कुणीतरी लहान मूल कशासाठी तरी हट्ट करत होतं आणि त्याची आई त्याला थांब म्हणत होती. मग कागद उलगडल्याचा आवाज आला, घडी घातल्याचा, दोरा ओढून गाठ मारल्याचा.

"बरं," शिवणवाली म्हणाली. "देते मग."

आजवर प्रत्येक वेळी फोन मॅडमनी ठेवला होता. या वेळी तो तिकडून ठेवला गेला.  मग थंड झालेलं जेवण त्यांनी पुढे ओढलं आणि सावकाश जेवायला लागल्या.