चालू गाडीला किक

"काका, हँडल सोडा आधी! तुम्हीच रेस देऊन राहिले का?"

"मी कायले देऊ? हे पाह्य, हात वर हायेत माहे!" नत्थूजींनी खरंच दोन्ही हात वर केले. तरी त्यांची जुनी मोटारसायकल स्टँडवर उभ्या उभ्या बोंबलतच होती. मानेवाडा रोडवरच्या सुशीलच्या गॅरेजसमोरून जाणारे लोक वळून वळून बघत होते.

नत्थूजींचा उभा जन्म एसटी चालवण्यात गेला. पारशिवनीच्या रस्त्यावर बस नुसती कुरकुरली तरी कुठला नट ढिला झालाय ते सांगत, आणि डेपोत त्यांच्या कानाचं भारी कौतुक होतं. आता बायको सत्यवतीबाई गेल्या, लेक अपेक्षा पुण्याला. घरात बोलायला भिंती. हक्काची म्हणावी अशी ही गाडी तेवढी उरली होती, आणि तिच्याही अंगात आलं होतं. शेजारची प्रेमिला कालच फाटकावर येऊन ओरडून गेली, "काकाजी, लेकराले झोपवलं का तुमची गाडी उठवते!"

सुशीलने ॲक्सिलरेटरची केबल पाहिली. ढील बरोबर होती. हँडल इकडून तिकडे वळवलं, रेस तेवढीच राहिली. चोकही अडकला नव्हता. मग कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरावर त्यानं साबणाचं पाणी मारलं. त्या रबराला चीर गेली की गाडी फुकटची हवा ओढते आणि अशीच भडकते. पण रबर धडधाकट होतं. शेवटी तो खाली वाकला, कार्बोरेटरचा स्क्रू पाहिला आणि त्यानं कपाळावर हात मारला.

"हा स्क्रू कोणं पिळला गा काका?"

"काय?"

"स्क्रू! कोणं पिळला?" सुशील ओरडला.

"मीच. सिग्नलवर उभी राहिली का चूप होऊन जाये. म्हणून रेस वाढवली. कानानं लावली, एकदम बरोब्बर."

सुशीलने स्क्रू हळूहळू सैल केला. गाडीचा थयथयाट उतरत गेला आणि ती एका लयीत शांतपणे चालू लागली.

"पडली ना बंद!" नत्थूजी जिंकल्यासारखे म्हणाले. "तेच तं सांगून राहिलो तुले!" आणि सुशील 'हां हां' म्हणेपर्यंत त्यांनी दणकन किक मारली.

पायाखाली काहीतरी कर्रकन घासलं. तो हिसका त्यांना गुडघ्यापर्यंत लागला.

"चालू गाडीले किक काहून मारता काका?" सुशील त्यांच्या कानाशी ओरडला.

नत्थूजी त्याच्याकडे बघतच राहिले. पोरगा मस्करी करतोय असं त्यांना वाटलं. सुशीलने त्यांचा हात धरला आणि टाकीवर ठेवला. टाकी थरथरत होती. नत्थूजींनी कान खाली नेला, अजून खाली नेला. रस्त्यावरच्या ट्रकची घरघर तेवढी कुठून तरी लांबून येत होती. बाकी काही नाही.

आधी लाज वाटली. चालू गाडीला किक, तीही एसटीच्या ड्रायव्हरनं! आणि लाजेच्या मागोमाग त्यांना अपेक्षा आठवली.

तिचा दर रविवारी फोन यायचा. हे आपले 'हो हो' करायचे. पुढे पुढे त्यांना वाटायला लागलं, पोरगी फोन लावते आणि गप्प बसते. दिवाळीनंतर एकदा ते भडकलेच. "बोलायचं नसंन तं फोन काहून करतं? बापावर उपकार करून राहिली का?" असं म्हणून त्यांनी फोन कापला. त्यानंतर तिचा फोन आला नाही, यांनीही केला नाही. दोघं एकाच वळणाची, आधी नमणार कोण? जेवताना मात्र ते फोन ताटाशेजारी ठेवायचे. बायको गेली, आता पोरगीही गेली, असं म्हणत घास गिळायचे.

आणि ती तर बोलत होती. इतके दिवस बोलतच होती.

नत्थूजींनी खिशातून फोन काढला आणि लावला. पलीकडे फोन उचलल्याचं पडद्यावर दिसल्याबरोबर ते घाईघाईनं बोलू लागले, "अपेक्षा, तू चूप नव्हती वं. मलेच आयकू येत नाही बेटा. कान गेले माहे. मले समजलंच नाही. उगाच बोललो तुले."

मग त्यांनी फोन कानावर घट्ट दाबला. बराच वेळ दाबून धरला. शेवटी सुशीलपुढे केला. "पाह्य ना बाप्पा, काय म्हणते ते. जोरानं सांग मले."

सुशीलने गाडी बंद केली, चिंधीला हात पुसले आणि फोन कानाला लावला. तो नुसताच ऐकत राहिला.

"काय म्हणते? सांग ना गा!"

"काही म्हणून नाही राहिली काका," सुशील सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. पुढचं मात्र त्यानं नत्थूजींच्या कानाजवळ येऊन सांगितलं, "रडून राहिली ते."

नत्थूजींनी फोन परत घेतला. रस्त्याकडे पाठ करून ते उभे राहिले आणि फोन पुन्हा त्याच कानाला लावला.

"हो बेटा," ते म्हणाले. "येऊन राहिलं आयकू."